प्रकरणाच्या माथ्यावर एक नाव

जॉर्ज आर. आर. मार्टिन यांच्या फँटसी कादंबरीमालिकेचा पहिला खंड, ‘अ गेम ऑफ थ्रोन्स’, १९९६ साली आला. त्यात प्रकरणाच्या माथ्यावर फक्त एक नाव असतं: ब्रॅन, केटलिन, डेनेरिस. ज्याचं नाव, त्याला जेवढं दिसेल-कळेल तेवढंच त्या प्रकरणात. सुरुवातीचं प्रास्ताविक सोडलं तर या खंडात अशी आठ पात्रं आहेत. पुढे ती वाढतच गेली.

ही रीत मूळची फँटसीतली नव्हे. विल्की कॉलिन्स यांनी ‘द मूनस्टोन’मध्ये (१८६८) हिऱ्याच्या चोरीची हकिगत एकेका माणसाकडून वदवून घेतली. फॉकनर यांच्या ‘अ‍ॅज आय ले डाइंग’मध्ये (१९३०) १५ निवेदक आहेत आणि प्रत्येक प्रकरणावर बोलणाऱ्याचं नाव. शिवाजी सावंतांच्या ‘मृत्युंजय’मुळे (१९६७) आपल्यालाही हे ओळखीचं आहे, कर्णाबरोबर कुंती, दुर्योधन, वृषाली, शोण आणि श्रीकृष्ण तिथे स्वतः बोलतात. मार्टिन यांची पात्रं मात्र ‘मी’ म्हणून बोलत नाहीत. निवेदन तृतीयपुरुषीच, पण एका वेळी एकाच्याच मनातलं.

१९८७ पासून मार्टिन ‘वाइल्ड कार्ड्‌स’ ही कथामालिका संपादित करत होते. लेखक अनेक, ज्याचं-त्याचं पात्र वेगळं, जग मात्र सगळ्यांचं एक. या रीतीची खरी तालीम तिथेच झाली असावी, असं मला वाटतं.

तिची ताकद जेमी लॅनिस्टरमध्ये दिसते. ज्या राजाच्या रक्षणाची शपथ घेतली, त्यालाच त्याने मारलं. पहिल्या खंडातल्या आठांपैकी एक असलेल्या एडर्डने त्याला सिंहासनावर बसलेलं पाहिलं आणि मनात निकाल देऊन टाकला. एडर्ड सरळ माणूस, म्हणून आपणही तो मानतो. जेमीच्या नावाचं प्रकरण येतं ते थेट तिसऱ्या खंडात (२०००). हॅरनहॉल किल्ल्याच्या हमामखान्यात तो ब्रिएन या योद्धा स्त्रीला सांगतो, की राजा अख्खं शहर जाळायला निघाला होता. दोन खंड उराशी धरलेलं मत तिथे कोसळतं.

पुढे याच रीतीने लेखकाला अडचणीत आणलं. कथेत पाच वर्षांची उडी घ्यायचा बेत होता. लहान मुलांच्या कथानकांना ती मानवली, इतरांना नाही, म्हणून बेत सोडावा लागला. मग मजकूर एका खंडात मावेना, तेव्हा मार्टिन यांनी तो काळानुसार न तोडता पात्रांनुसार वाटला. ‘अ फीस्ट फॉर क्रोज’मध्ये (२००५) जॉन, टिरियन, डेनेरिस यांची प्रकरणंच नाहीत, ती ‘अ डान्स विथ ड्रॅगन्स’मध्ये (२०११) आली. टिरियनच्या वाचकांनी अकरा वर्षं वाट पाहिली.

आता काही जण हे दोन्ही खंड शेजारी ठेवून घटनाक्रमाने वाचतात. पहिल्या वाचनात तसं करू नये. ‘फीस्ट’मध्ये जॉनचा मित्र सॅम आणि गिली ही तरुणी जहाजावर असतात, गिली सारखी रडत असते, आणि त्याचं कारण सॅमला हळूहळू उमगतं. ‘डान्स’मधलं जॉनचं प्रकरण आधी वाचलं, तर ते आपल्याला सॅमच्या आधीच कळून बसतं.