एका फर्लांगावरून दोन फर्लांगांचा अंदाज

जुन्या अमेरिकन गाड्यांची चर्चा निघाली की पाव मैलाची वेळ विचारली जातेच. पाव मैल म्हणजे दोन फर्लांग, ४०२ मीटर. पण अनेक ड्रॅग ट्रॅकवर, म्हणजे उभ्या गाडीने सुटून सरळ रेषेत पळायच्या धावपट्टीवर, शर्यत एका फर्लांगातच संपते. मग हीच गाडी पुढे पळत राहिली असती, तर किती सेकंद लागले असते?

रूढ उत्तर असं, की फर्लांगाच्या वेळेला १.५५ ने गुणायचं. हा आकडा हवेतून आलेला नाही. त्वरण कायम राहिलं तर दुप्पट अंतराला १.४१ पट वेळ लागतो. इंजिनाची शक्ती कायम धरली, तर वेग वाढेल तसा चाकांवरचा जोर कमी होतो आणि गुणक १.५९ वर जातो. खऱ्या गाडीत दोन्ही घडतं. सुरुवातीला टायरची पकड आड येते, नंतर इंजिनाची ताकद पुरत नाही. त्यामुळे गुणक मधे कुठेतरी पडतो.

गाडी फर्लांग ९ सेकंदांत पार करते आणि त्याअखेर तिचा वेग ताशी १३० किमी असतो असं धरू. गुणाकाराने पाव मैलाला १३.९५ सेकंद येतात. आता तीच गाडी सुटताना चाकं जागीच फिरली आणि ०.३ सेकंद वाया गेले. फर्लांगाची वेळ ९.३, पण वेग जवळपास तेवढाच. गुणाकार सांगतो १४.४२. म्हणजे सुटताना घालवलेला वेळही आपण दीडपट केला! तो एकदाच गेला होता.

म्हणून मला वेळेपेक्षा वेगावर जास्त भरवसा वाटतो. पाव मैलाअखेरचा वेग फर्लांगाच्या वेगाच्या साधारण १.२४ पट असतो, इथे ताशी १६१ किमी. दुसऱ्या फर्लांगात सरासरी १४६ धरा, म्हणजे २०१ मीटरना ४.९६ सेकंद. नीट सुटलेल्या गाडीला १३.९६, चाकं फिरलेलीला १४.२६. पहिलं उत्तर गुणाकाराशी जुळतं, दुसरं जुळत नाही, आणि खऱ्या वेळेच्या जवळचं हे दुसरंच.

२००८ पासून एनएचआरए या अमेरिकेतल्या ड्रॅग शर्यतींच्या संस्थेच्या टॉप फ्युएल आणि फनी कार या सर्वांत वेगवान वर्गांत शर्यत हजार फुटांची झाली. आपल्या गाडीची हजार फुटांची वेळ हवी असेल तर शेवटचे ९७.५ मीटर वजा करायचे. तिथे वेग १५६ च्या आसपास, म्हणजे सव्वादोन सेकंद कमी, साधारण ११.७.

वेळ मोजलेलीच नसेल तर लोक वजन आणि अश्वशक्तीवरून अंदाज बांधतात. १९७१ पर्यंतचे कॅटलॉगमधले आकडे मात्र ग्रॉस, म्हणजे एअर फिल्टर आणि गाडीचा एक्झॉस्ट न लावता मोजलेले, त्यामुळे फुगलेले. पण वेळ अश्वशक्तीच्या घनमुळाच्या व्यस्त प्रमाणात बदलते. शक्ती २० टक्के चुकली तरी वेळ सहाच टक्के चुकते.

हे सगळे हिशेब कोलमडतात ते गिअरपाशी. मागच्या अ‍ॅक्सलला ४.५६ चं गुणोत्तर (चाकाच्या एका फेरीला शाफ्टच्या ४.५६ फेऱ्या), २६ इंची टायर, टॉप गिअर एकास एक आणि इंजिनाची मर्यादा ६००० आरपीएम असेल, तर गाडी ताशी १६४ किमीवर अडते. आपली १६१ वाली गाडी थोडक्यात वाचली. तिच्याहून जरा दणकट इंजिनाची गाडी मात्र फर्लांगभर सुसाट जाईल आणि दुसऱ्या फर्लांगात नुसती गुरगुरत राहील.