गोपनीयता आणि लपवाछपवी: घरी पेशंट सांभाळताना होणारी गल्लत

नौपाड्यातल्या एका घरी पॅरालिसिस झालेले आजोबा होते. उजवी बाजू गेलेली, बोलणं अडखळत. दिवसा सिस्टर, रात्री आठपासून मावशी, आठवड्यातून तीनदा फिजिओ आणि एकदा गिळण्याचे व्यायाम घेणाऱ्या स्पीच थेरपिस्ट. थेरपिस्टनी बजावलं होतं की साधं पाणी द्यायचं नाही. पावडर घालून घट्ट केलेलंच द्यायचं, तेही ताठ बसवून, हनुवटी छातीकडे झुकवून, चमच्याचमच्याने. सिस्टरने सगळं फाइलमध्ये नीट लिहिलं आणि फाइल कपाटात ठेवून कुलूप लावलं. पेशंटचे कागद इतरांच्या हाती लागू द्यायचे नाहीत, एवढंच तिच्या मनावर बिंबलेलं.

रात्री दोनला आजोबांनी पाणी मागितलं. मावशींनी पडल्यापडल्याच भांड्याने पाजलं. ठसका लागला तो थांबेचना. दोन दिवसांनी ताप चढला, न्यूमोनिया निघाला, दहा दिवस हॉस्पिटलात गेले. मी त्या घरची सुपरवायझर होते. मावशी माझ्यासमोर पदर डोळ्यांना लावून म्हणाल्या, "सिस्टर, मला कुणी सांगितलंच नाही हो. मुद्दाम पाजलं असतं का मी?"

दिवसाच्या सिस्टरला वाटत होतं की आपण गोपनीयता पाळली. प्रत्यक्षात तिच्या हातून लपवाछपवी झाली होती. ठाण्यात होमकेअरचं काम करताना ही गल्लत मी इतक्या घरांत पाहिली आहे, की आता नव्या स्टाफशी पहिलं बोलणं याच विषयावर करते.

वरवर पाहिलं तर दोन्हींत सारखंच दिसतं: कुणीतरी गप्प आहे. पण ते कुणासमोर गप्प आहे, हे बघायला हवं. गोपनीयतेत माहिती पेशंटची सेवा करणाऱ्या माणसांपर्यंत पोचते आणि तिथेच थांबते. लपवाछपवीत ती नेमकी त्यांच्याच अलीकडे अडते. आणि गंमत नाही ही, अशा घरांत बऱ्याचदा तीच माहिती शेजारीपाजारी मात्र सगळ्यांना ठाऊक असते.

कायदाही हा फरक करतो, पण "सगळं गुप्त ठेवायचं असतं" एवढंच आपल्या कानावर आलेलं असतं. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याचं कलम २३ घ्या. पेशंटला गोपनीयतेचा हक्क ते देतं आणि त्याच कलमात अपवादही सांगतं: उपचार करता यावेत म्हणून इतर आरोग्य कर्मचाऱ्यांना माहिती देता येते. २०१७ चाच एचआयव्ही-एड्स कायदा तर याबाबत फार कडक. पेशंटच्या संमतीशिवाय कुणाला सांगायचं नाही. तरी त्यातही, एका आरोग्य कर्मचाऱ्याने त्याच पेशंटच्या उपचारात असलेल्या दुसऱ्याला, उपचारासाठी गरजेचं असेल तर सांगायला मुभा आहे. इंग्लंडमध्ये मानसोपचारतज्ज्ञ डेम फियोना कॅल्डिकॉट यांच्या समितीने १९९७ मध्ये पेशंटच्या माहितीसाठी सहा तत्त्वं घालून दिली. २०१३ मध्ये त्यांत सातवं आलं: माहिती जपणं जितकं महत्त्वाचं, तितकंच ती योग्य माणसाला देणंही महत्त्वाचं असू शकतं. हे वेगळं लिहावं लागलं, कारण गोपनीयतेच्या धास्तीने लोक एकमेकांना काही सांगेनासे झाले होते. नौपाड्यातल्या कपाटाचं कुलूप त्याच धास्तीचं.

मग मावशींच्या हातात सगळी फाइल द्यायची का? नाही. प्रत्येकाला त्याच्या कामापुरतं. मावशींना एमआरआयचा रिपोर्ट लागत नाही. पाणी घट्ट करून द्यायचं, उजव्या हाताला धरून ओढायचं नाही, दर दोन तासांनी कूस बदलायची, हे लागतं. फिजिओला हाडं ठिसूळ आहेत का, हार्टचं पंपिंग किती, सकाळी बीपीची गोळी घेतली का, हे उभं करण्याआधी कळायलाच हवं. स्वयंपाकाच्या ताईंना मीठ किती आणि भात किती मऊ, एवढं पुरतं. वॉचमनला काहीच नको. अँब्युलन्स आली तर गेट उघडून लिफ्ट खाली धरून ठेवायची, इतकंच त्याला सांगून ठेवा.

यात अवघड जागा येते आजाराच्या नावाची. एचआयव्ही किंवा हेपटायटिस बी असेल तर अटेंडंटला सांगावं का, असं मला घरचे दबक्या आवाजात विचारतात. माझं मत सांगते. रक्त, लघवी, जखम हाताळताना हातमोजे प्रत्येक पेशंटसाठी घालायचे असतात, नाव कळो न कळो. ती सवय पक्की असेल तर डायपर बदलणाऱ्या मावशींना नावाची गरज पडत नाही. पण इन्सुलिन देणाऱ्या सिस्टरला वापरलेली सुई टोचली, तर त्या क्षणी तिच्या डॉक्टरला खरं कळलंच पाहिजे. एचआयव्हीसाठीची प्रतिबंधक औषधं ७२ तासांच्या आत सुरू करून २८ दिवस घ्यावी लागतात, आणि जितक्या लवकर तितकं बरं. अशा वेळी "बघू, उद्या साहेबांना विचारते" म्हणत गप्प बसणं म्हणजे दुसऱ्याच्या जिवाशी खेळ.

घरच्यांचं लपवणं मला कळतं. खरं सांगितलं तर ब्युरो बाईच पाठवणार नाही, ही भीती पोकळ नाही. तसं होताना मी बघितलंय. वसंत विहारातल्या एका ताईंनी मला सांगितलं नव्हतं की त्यांच्या सासूबाई पहाटे उठून, दार उघडून चालू लागतात. आमची अटेंडंट मुलगी अंघोळीला गेली तेवढ्यात आजी नाहीशा झाल्या. तासाभराने उपवन तलावाच्या कट्ट्यावर सापडल्या, गाऊनवर, अनवाणी. "आधी सांगितलं असतं तर?" मी विचारलं. ताई म्हणाल्या, "तुम्ही नाही म्हणाला असतात." खरं तर आम्ही दाराला वरची कडी बसवायला सांगितली असती आणि अंघोळीची वेळ सून घरात असतानाची ठरवली असती.

आता उलट टोक बघा. एका घरी सतत पडून राहिल्याने आजोबांच्या कमरेला बेडसोर झाला. सिस्टरने फोटो काढला, बरोबरच केलं, जखम रोज किती भरतेय ते त्याने कळतं. पण टाकला कुठे? स्टाफच्या मोठ्या व्हॉट्सॲप ग्रुपवर, खाली आजोबांचं नाव, इमारत आणि फ्लॅट नंबर लिहून. त्या ग्रुपवर त्याच सोसायटीत दुसऱ्या विंगमध्ये काम करणारी एक मावशी होती. दुसऱ्या दिवशी सकाळी मुलगा दूध घ्यायला खाली उतरला तर वॉचमन काळजीने म्हणाला, "दादा, बाबांची जखम फार खोल आहे म्हणे?" मुलगा दुधाची पिशवी तशीच हातात धरून मला फोन करत होता. रागापेक्षा त्याच्या आवाजात लाज जास्त होती, आणि ती त्याच्या वाट्याला यायला नको होती.

त्या सिस्टरचा बचाव होता, "मॅडम, तुम्हीच म्हणता ना, माहिती द्या." इथे लपवाछपवीच्या विरुद्ध टोकाला जाऊन बोभाटा झाला. तोच फोटो डॉक्टर आणि ड्रेसिंगची सिस्टर, एवढ्या दोघांनाच गेला असता तर ते योग्य झालं असतं. फोटो एकच, फक्त घेणारे बदलले. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यानुसार संमती ठरावीक कामापुरतीच असते आणि ती मागेही घेता येते. जीव धोक्यात असेल अशा वैद्यकीय आणीबाणीत संमतीसाठी अडून बसायचं नाही, हीही तरतूद त्यात आहे. पेशंटच्या सेवेसाठी सही दिली म्हणजे साठ जणांच्या ग्रुपला सही दिली, असं होत नाही.

सगळ्यात जड प्रकार राहिला. "आईला सांगू नका हं, कॅन्सर आहे म्हणून." टाटाची फाइल माझ्या हातात देताना मुलगी हे दारातच सांगते. ही गोपनीयता आहे असं तिला मनापासून वाटतं. पण माहिती कुणाची? आईची. जिची आहे तिच्यापासूनच ती झाकायची, तर त्याला गोपनीयता म्हणता येणार नाही, कितीही मायेने केलं तरी. मी घरच्यांच्या आड जाऊन काही सांगत नाही, आजाराचं निदान सांगणं डॉक्टरांचं काम आहे. मात्र खोटंही बोलत नाही, हे मुलीला आधीच सांगून ठेवते. कळव्याच्या एका काकूंनी मला पाठ पुसताना विचारलं, "खरं सांग, हे बरं होणारं आहे का?" मी म्हटलं, "काकू, हे डॉक्टरांना तुम्ही स्वतः विचारा. मी आज त्यांना फोन लावून देते." संध्याकाळी डॉक्टर येऊन बसले, मुलगी शेजारी होती. काकू बराच वेळ गप्प होत्या. मग त्यांनी गावाकडच्या बहिणीला बोलावून घ्यायला सांगितलं.

नौपाड्यानंतर मी एक पद्धत लावली. फाइल पेशंटच्या खोलीतच, पण पाहुण्यांच्या नजरेस पडणार नाही अशी. वेगळा एक कागद पलंगाजवळच्या खणात: पाणी कसं, कूस कधी, कुठल्या बाजूने उठवायचं, फोन कुणाला. त्यावर आजाराचं नाव नसतं. वाचता येत नसेल त्या मावशींसाठी चमच्याचं आणि घड्याळाचं चित्र काढते. रात्री आठच्या बदलीला दोघी पेशंटसमोर उभ्या राहून बोलतात, म्हणजे आजोबांनाही कळतं आपल्याबद्दल काय ठरलं आणि काही चुकलं तर ते हात वर करून थांबवतात. लिफ्टमध्ये आणि जिन्यात पेशंटचा विषय काढायचा नाही. काम संपलं की फोनमधले फोटो सुपरवायझरसमोर पुसायचे.

ते आजोबा हॉस्पिटलातून परत आले तेव्हा त्याच मावशी पुन्हा आल्या. पहिल्या रात्री मी मुद्दाम थांबले. त्यांनी पावडर मोजून घातली, ढवळली, चमचा उलटा करून पाणी किती जाड झालंय ते बघितलं आणि मग आजोबांच्या मानेखाली हात घालून त्यांना बसवलं.