वर्षाला बारा क्विंटल लाकूड

एका परिचितांच्या लग्नपत्रिकेच्या तळाशी नुकतीच एक ओळ वाचली : 'या समारंभाचे कार्बन उत्सर्जन शंभर रोपे लावून भरून काढण्यात आले आहे.' हेतू चांगला होता, परंतु त्यातला भूतकाळ खटकला, कारण लागवडीच्या दिवशी रोपाने हवेतून जेमतेम चिमूटभर कार्बन घेतलेला असतो.

महिन्याला १५० युनिट वीज, वर्षाला गॅसचे आठ सिलिंडर आणि दुचाकीसाठी महिन्याला २० लिटर पेट्रोल वापरणारे घर धरू. भारतात विजेच्या एका युनिटमागे सुमारे ०.७ किलो, गॅसच्या एका किलोमागे सुमारे ३ किलो आणि पेट्रोलच्या एका लिटरमागे सुमारे २.३ किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. पाऊण किलो वजनाच्या पेट्रोलमधून सव्वादोन किलोंहून अधिक वायू निघतो, याचे कारण असे की जळताना कार्बनच्या प्रत्येक अणूला हवेतील ऑक्सिजनचे दोन अणू जोडले जातात आणि १२ वजनाचे ४४ होते. या घराचे वार्षिक उत्सर्जन साधारण २.१५ टन भरते. तेच गणित उलटे केले, तर त्यात सुमारे ५८५ किलो कार्बन आहे. आणि कोरड्या लाकडाचे जवळजवळ निम्मे वजन कार्बनचे असल्याने हे उत्सर्जन फेडायला दरवर्षी सुमारे १२ क्विंटल नवे कोरडे लाकूड तयार व्हावे लागते. एखाद्या छापखान्याचे जनरेटर दिवसाला १० लिटर डिझेल पीत असेल, तर तेवढ्यासाठीच रोज सुमारे १५ किलो नवे कोरडे लाकूड लागते.

हे लाकूड येते कोठून? सतराव्या शतकात व्हॅन हेल्माँट या आजच्या बेल्जियममधील वैज्ञानिकाने वाळलेली, तोललेली २०० पौंड माती कुंडीत भरून तीत विलोचे ५ पौंडांचे रोप लावले आणि पाच वर्षे केवळ पाणी घातले. झाड १६९ पौंडांचे झाले. माती जेमतेम दोन औंस घटली. झाड पाण्यापासून बनते, असा निष्कर्ष त्याने काढला. ओल्या लाकडात पाणी भरपूर असते हे खरे, पण कोरड्या लाकडाचा मुख्य ऐवज हवेतला होता, हे त्याला कळणे शक्य नव्हते. पानावरची सूक्ष्म रंध्रे उघडली की कार्बन डायऑक्साइड आत येतो, आणि त्याच्या एका रेणूपायी पाण्याचे शेकडो रेणू वाफ होऊन निसटतात. म्हणूनच सह्याद्रीतील पानझडी वृक्ष उन्हाळ्यात पाने टाकून दुकान बंद करतात. मिळवलेल्या साखरेपैकी साधारण निम्मी झाड स्वतःच्या श्वसनात खर्च करते. उरलेल्यातून झालेली पाने गळून कुजतात आणि त्यांतला बहुतेक कार्बन पुन्हा हवेत जातो. दीर्घकाळ शिल्लक राहते ते मुख्यतः खोड, फांद्या आणि जाड मुळे यांतले. (पिंपळ रात्रीही ऑक्सिजन सोडतो, हा दावा मात्र खोटा आहे. ऑक्सिजन पाण्याच्या विघटनातून सुटतो आणि त्याला प्रकाश लागतो; झाड कितीही पूज्य असले तरी.)

छातीच्या उंचीवर मीटरभर घेर असलेल्या, मध्यम घनतेच्या वृक्षात साधारण अर्धा टन कोरडे लाकूड असते. म्हणजे आपल्या घराच्या एका वर्षामागे असे दोनहून अधिक वृक्ष, आणि तेवढा घेर व्हायला दोन-तीन दशके सहज लागतात. म्हणून रोपांच्या आकड्यांना फारसा अर्थ नाही. महाराष्ट्रात १ जुलै २०१६ या एका दिवसासाठी दोन कोटी रोपे लावण्याचे उद्दिष्ट ठेवले गेले होते. कार्बनच्या दृष्टीने महत्त्वाचा प्रश्न त्यांपैकी किती जगली आणि त्यांचा घेर किती वाढला, हा आहे.

सह्याद्रीच्या उतारांवर अनेकदा नवे रोप लावण्याची गरजच नसते. राबासाठी (भाताच्या रोपांची जागा भाजण्यासाठी) वर्षानुवर्षे छाटलेला ऐन किंवा तोडलेला साग जमिनीखाली जिवंत असतो. त्याच्या मुळांत पिष्टाचा साठा असतो आणि खोल मातीतली ओल त्याच्या आवाक्यात असते, त्यामुळे तोड व चराई थांबली की खुंटाचे फुटवे रोपवाटिकेतल्या रोपाला सुरुवातीला सहज मागे टाकतात. अनेक फुटव्यांतले जोमदार एक-दोन राखून बाकीचे काढले, तर खोड लवकर जाड होते. मात्र हे जंगलाच्या जागीच करावे. सोलापूरकडची माळराने आणि कासचा सडा (कातळाचे पठार) हे उजाड झालेले जंगल नाही. तेथे झाडे लावणे म्हणजे गवत, फुले आणि माळढोक यांचे घर मोडणे होय.

फाल्गुन-चैत्रातला एक वणवा दहा वर्षांचे कोवळे फुटवे एका दुपारी हवेत परत पाठवू शकतो. त्यामुळे निधी देणाऱ्या कुटुंबाने किंवा कारखान्याने लागवडीच्या छायाचित्राऐवजी दोन गोष्टी मागाव्यात : दर पावसाळ्यानंतर त्याच झाडांचे मोजलेले घेर, आणि वणव्याच्या हंगामाआधी कोणत्या उतारावर किती जाळरेषा (आग पसरू नये म्हणून गवत काढून मोकळे केलेले पट्टे) काढल्या त्याचा नकाशा.