गोव्यातील मृत्युपत्र व वारसाहक्क

गोव्यात मृत्युपत्राने आपल्या मालमत्तेची मनाजोगी व्यवस्था लावण्याची मोकळीक उर्वरित भारताच्या मानाने बरीच मर्यादित आहे. १८६७ ची पोर्तुगीज नागरी संहिता येथे १८७० पासून लागू झाली आणि मुक्तीनंतर १९६२ च्या प्रशासन कायद्याने ती कायम राहिली. तिच्यातील वारसाविषयक तरतुदींची जागा पुढे गोवा वारसाहक्क, विशेष नोटरी व इन्व्हेंटरी कार्यवाही अधिनियम, २०१२ याने घेतली. हा अधिनियम २२ डिसेंबर २०१६ रोजी अंमलात आला.

मालमत्तेचा विचार येथे मृत्यूपासून नव्हे, तर विवाहापासून करावा लागतो. विवाहापूर्वी वेगळा करार केलेला नसेल, तर पती-पत्नींची मालमत्ता सामाईक होते आणि तिचा अर्धा भाग प्रत्येकाचा ठरतो. साहजिकच मृत्युपत्र फक्त स्वतःच्या अर्ध्या भागाचे करता येते. आणि मुले किंवा आईवडील हयात असतील, तर त्यातलाही निम्मा भाग, ज्याला ‘लेजितिमा’ म्हणतात, त्यांच्यासाठी राखीव असतो. समजा, एका दांपत्याचे घर व बागायत मिळून १ कोटी २० लाखांची आहे आणि त्यांना तीन मुले आहेत. पती वारल्यास ६० लाख पत्नीचे स्वतःचेच असतात. उरलेल्या ६० लाखांपैकी ३० लाखांपुरतेच मृत्युपत्र चालते, बाकीच्या ३० लाखांत तिन्ही मुलांचे प्रत्येकी १० लाख निश्चित असतात. मुलगा-मुलगी हा भेद कायद्यात नाही. विवाहित मुलीकडून हक्कसोडपत्र लिहून घेण्याची रूढी मात्र आहे, आणि समान हक्काचे कौतुक करताना ती सहसा नजरेआड केली जाते. राखीव वाट्यातून एखाद्याला वगळायचे, तर कायद्याने सांगितलेलेच कारण हवे. निव्वळ नाराजी पुरत नाही. हयातीत दिलेल्या दानपत्रांचाही हिशेब या वाट्याशी घातला जातो.

मृत्युपत्र नसल्यास आधी मुले व त्यांचे वंशज, मग आईवडील आदी पूर्वज, नंतर भावंडे व त्यांची मुले आणि त्यानंतरच हयात जोडीदार, असा क्रम लागतो. जोडीदाराचे हे स्थान प्रथमदर्शनी अन्यायाचे भासते. सामाईक मालमत्तेतील त्याचा अर्धा भाग त्याआधीच वेगळा निघालेला असतो, हे ध्यानात घेतले की त्याची धार कमी होते. तरीही निपुत्रिक दांपत्याने मृत्युपत्र करणे शहाणपणाचे, कारण एरवी पतीच्या हिश्शात सासू-सासरे किंवा दीर-नणंदा येतात.

सार्वजनिक मृत्युपत्र विशेष नोटरीसमोर साक्षीदारांदेखत होते व नोटरीच्या पुस्तकात नोंदले जाते. लखोट्यात बंद ठेवण्याचे मृत्युपत्रही कायद्याला मान्य आहे. मुंबई शहरात दीर्घकाळ सक्तीचे असलेले प्रोबेट, म्हणजे मृत्युपत्र खरे असल्याचा न्यायालयाचा दाखला, येथील रिवाजात नाही. वारसांबाबत वाद नसेल, तर नोटरीपुढे वारसा-दस्त, म्हणजे वारस कोण हे नोंदवणारा दस्त, करून काम भागते. प्रत्यक्ष वाटणीसाठी दिवाणी न्यायालयात इन्व्हेंटरी, म्हणजे मालमत्तेची यादी करून ती वाटण्याची कार्यवाही, दाखल होते. तीत कुटुंबप्रमुख, बहुधा हयात जोडीदार, मालमत्तेची व कर्जांची यादी देतो. सुना व जावई यांनाही पक्षकार करावे लागते, कारण वारसाला मिळणारे त्याच्या जोडीदाराशी सामाईक होते. एखाद्या मिळकतीवर अनेकांचा डोळा असल्यास वारस आपसांत बोली लावतात, आणि आपल्या वाट्याहून जास्त घेणारा इतरांना फरकाची रक्कम देतो.

गोव्याबाहेरील जमीन-घरांचे काय, हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयाने १३ सप्टेंबर २०१९ रोजी निकालात काढला: गोव्याचा अधिवासी असलेल्या व्यक्तीच्या भारतातील इतर ठिकाणच्या मालमत्तेलाही हाच वारसा कायदा लागू होतो.