कॉल आजीने लावायला हवा

व्हिडिओ कॉल जोडला जातो, तेव्हा टोरांटोमधल्या नातवाला चिपळूणच्या आजीचा चेहरा दिसण्याआधी बराच वेळ तिचा कानच दिसतो. दोन्हीकडे हसू येते, कोणीतरी "आजी, फोन समोर धर" म्हणून ओरडते आणि मग गप्पा सुरू होतात. घरोघरी ही गंमत म्हणून सांगितली जाते. पण ज्या पिढीने चाळीस-पन्नास वर्षे फोन कानालाच लावला, त्या पिढीचा हात फोन हाती येताच आपोआप कानाकडे जातो, हे मेंदूच्या कामाचे फार चांगले उदाहरण आहे. हाताला लागलेले वळण सहज जात नाही. आणि व्हिडिओ कॉल शिकवायचा असेल, तर हाताच्या याच गुणाचा उपयोग करून घ्यावा लागतो.

बहुतेक घरांत ज्येष्ठांना व्हिडिओ कॉल घेता येतो, लावता येत नाही. मुलगा रविवारी रात्री फोन करतो, शेजारची मुलगी येऊन तो उचलून देते, दहा मिनिटे चेहरे दिसतात आणि फोन पुन्हा चार्जिंगला लागतो. अशा व्यवस्थेत आठवण आली त्या क्षणी बोलण्याची सोय फक्त एकाच बाजूला असते. माझ्या मते, ज्येष्ठांना व्हिडिओ कॉल शिकवला असे तेव्हाच म्हणावे, जेव्हा त्यांना हव्या त्या वेळी, कोणालाही न बोलावता, तो स्वतः लावता येईल. त्याच्या आड जे येते ते बुद्धी किंवा इच्छा क्वचितच असते. बहुतेक वेळा ती त्वचा, डोळे आणि कान असतात.

सुरुवात बोटापासून करू. मोबाइलची स्क्रीन दाबाने नव्हे, तर विजेतील सूक्ष्म बदलाने स्पर्श ओळखते. काचेखाली विद्युतवाहक पदार्थाची पारदर्शक, बारीक जाळी असते. पाणी आणि क्षार यांमुळे आपले शरीरही विद्युतवाहक असते, त्यामुळे बोट काचेला टेकले की त्या जागची विद्युतधारिता, म्हणजे विद्युतभार साठवण्याची क्षमता, बदलते आणि बोट नेमके कोठे आहे हे फोनला कळते. वय वाढते तसा त्वचेतील ओलावा आणि स्निग्धपणा कमी होतो. त्यातून आयुष्यभर शेतात किंवा घरात राबलेल्या बोटांना घट्टे पडलेले असतील, तर कोरड्या, जाड कातडीमुळे होणारा बदल इतका क्षीण असतो की फोन त्याची दखलच घेत नाही. मग आजी अधिक जोर लावते आणि बोट अधिक वेळ दाबून धरते. मिक्सर, रेडिओ, लिफ्ट अशा बटणांच्या साऱ्या यंत्रांवर हाच उपाय आजवर लागू पडत आलेला असतो. फोनच्या लेखी मात्र सुमारे अर्ध्या सेकंदाहून अधिक टिकलेला स्पर्श ही वेगळीच आज्ञा असते: चिन्ह जागेवरून उचलणे, पुसून टाकणे, नवीनच यादी उघडणे. "मी काही केले नाही, ते आपोआप गेले" ही ज्येष्ठांची तक्रार त्यांच्या बाजूने पूर्ण खरी असते.

यावरचे उपाय साधे आहेत. फोन हाती घेण्यापूर्वी हाताला थोडे क्रीम चोळावे किंवा बोटे ओलसर फडक्याने पुसावीत. स्क्रीनवर जाड काच चिकटवली असेल तर ती काढून पातळ बसवावी. हात कापत असेल तर मोबाइलसाठी मिळणारे रबरी टोकाचे पेन द्यावे. बहुतेक अँड्रॉइड फोनच्या सेटिंगमध्ये 'अ‍ॅक्सेसिबिलिटी' या भागात बोट किती वेळ टेकले म्हणजे ते 'दाबून धरले' असे समजावे, हा अवधी वाढवता येतो. आयफोनमध्येही स्पर्शाच्या अशाच सवलती आहेत. मुलांनी फोन विकत घेऊन देताना कॅमेरा किती मेगापिक्सेलचा आहे हे पाहण्याआधी ही पाच मिनिटे खर्च करावीत. डोळ्यांसाठीही तेथेच सोय असते. वयानुसार डोळ्यातील भिंग पिवळसर आणि कमी पारदर्शक होते, बाहुली पूर्वीइतकी मोठी होत नाही, त्यामुळे आत पोहोचणारा प्रकाशच घटतो. म्हणून अक्षरे मोठी करण्याबरोबर स्क्रीनचा उजेड वाढवणे आणि मागचे रंगीबेरंगी चित्र काढून तेथे साधी गडद पार्श्वभूमी ठेवणे तितकेच आवश्यक असते.

कानाचा विषय अधिक गुंतागुंतीचा आहे. उतारवयातील ऐकू न येणे सगळ्या ध्वनींना सारखे लागू होत नाही. आतल्या कानात शंखासारखी वळलेली एक नळी असते आणि तिच्यातील सूक्ष्म केशपेशी निरनिराळ्या उंचीचे ध्वनी टिपतात. त्यांपैकी उंच ध्वनी टिपणाऱ्या, नळीच्या तोंडाजवळच्या पेशी सहसा आधी निकामी होतात. स्वर मुख्यतः खालच्या पट्टीत असतात, तर स, श, फ, थ अशा व्यंजनांची ओळख वरच्या पट्टीत. त्यामुळे 'पाच', 'पास', 'पाट' हे शब्द ज्येष्ठांच्या कानांना जवळजवळ सारखेच वाटतात. आवाज येतो, शब्द कळत नाही. मोठ्याने ओरडल्यास प्रामुख्याने स्वरांचा जोर वाढतो, हरवलेले व्यंजन काही परत येत नाही. जुन्या टेलिफोनने तर या अडचणीत भरच घातली होती, कारण त्याच्या तारेतून साधारण ३०० ते ३४०० हर्ट्झ (ध्वनीच्या उंचीचे माप) एवढाच पट्टा जात असे आणि 'स'ची बरीचशी ऊर्जा त्याच्या वर असते. इंटरनेटवरील कॉल अधिक रुंद पट्टा वाहून नेऊ शकतात. २०१२ मध्ये प्रमाणित झालेल्या 'ओपस' या ध्वनिसंकेत पद्धतीत तो २०,००० हर्ट्झपर्यंत जातो.

परंतु व्हिडिओचा खरा लाभ डोळ्यांवाटे होतो. गोंगाटात बोलणाऱ्याचा चेहरा दिसत असेल तर शब्द कितीतरी अधिक कळतात, हे सम्बी आणि पोलॅक या संशोधकांनी १९५४ मध्ये प्रयोगाने दाखवले. १९७६ मध्ये मॅकगर्क आणि मॅकडोनल्ड यांनी याहून नवलाची गोष्ट नोंदवली: आवाज 'बा' असा आणि ओठांची हालचाल 'गा' अशी असेल, तर पुष्कळ लोकांना 'डा' ऐकू येते. म्हणजे ऐकणे हे मेंदू कान आणि डोळे या दोघांना विचारून ठरवतो. ज्येष्ठांच्या बाबतीत ही जोडी फार उपयोगाची ठरते, कारण 'प', 'त', 'क' यांतील जो फरक थकलेल्या कानाला कळत नाही, तो ओठ मिटले की उघडे राहिले एवढ्यावरून डोळ्याला कळतो. श्रवणयंत्र वापरणाऱ्यांना आणखी एक सोय मिळते: फोन कानाला चिकटवला की यंत्र शिट्टीसारखे वाजते, तो त्रास हातभर अंतरावर ठेवलेल्या फोनमुळे टळतो.

यातून निघणाऱ्या सूचना बहुतांशी आजीसाठी नाहीत, नातवासाठी आहेत. त्याने खिडकीकडे पाठ करून बसू नये, कारण कॅमेरा उजेडाशी जुळवून घेताना चेहरा काळवंडतो आणि ओठ दिसेनासे होतात. त्याने चालता चालता किंवा गाडी चालवताना कॉल करू नये. नेट कमकुवत असेल आणि चित्र अडकत असेल, तर व्हिडिओ बंद करून आवाज वाचवावा, कारण आवाजाशी न जुळणारे ओठ मदतीऐवजी गोंधळ वाढवतात. आजीच्या बाजूला एवढेच हवे की फोन हातात न धरता डोळ्यांच्या उंचीवर टेकवून ठेवावा. त्यासाठी छोटा स्टँड उत्तम, तो नसेल तर स्टुलावर ठेवलेला लाडवांचा डबाही चालतो.

संभाषणात एक अडथळा असा असतो, जो कोणालाच दिसत नाही. एकाचे बोलणे संपल्यापासून दुसऱ्याचे सुरू होईपर्यंतचा काळ माणसे विलक्षण नेमकेपणाने पाळतात. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या दहा भाषांच्या अभ्यासात तो सरासरी सेकंदाच्या पाचव्या भागाएवढा आढळला. चांगल्या संभाषणासाठी आवाज एका टोकाहून दुसऱ्या टोकाला १५० मिलिसेकंदांच्या आत पोहोचावा, अशी आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाची शिफारस आहे. पण खंड ओलांडून जाणाऱ्या मोबाइल नेटवर हा उशीर पुष्कळदा वाढतो. त्यात आजीला ऐकलेले जुळवायला थोडा अधिक वेळ लागतो. नातवाला वाटते, तिला ऐकू आले नाही. तो प्रश्न पुन्हा विचारतो, नेमके तेव्हाच तिचे उत्तर सुरू होते, आणि प्रतिध्वनी रोखणारी यंत्रणा दोघांपैकी एकाचा आवाज कापून टाकते. प्रश्न विचारल्यावर मनातल्या मनात तीनपर्यंत आकडे मोजावेत. आठ-दहा जणांच्या सामूहिक कॉलमध्ये ज्येष्ठ माणसे गप्प होतात, ती याच कारणाने. गणपतीत सगळ्यांना एकत्र पाहण्याचा आनंद जरूर द्यावा, पण बोलणे म्हणून तो मोजू नये.

आता शिकवण्याकडे वळतो. १९५३ मध्ये हेन्री मोलिसन या अमेरिकी तरुणाच्या मेंदूतील हिप्पोकॅम्पसचा मोठा भाग अपस्मारावरील उपचार म्हणून दोन्ही बाजूंनी काढला गेला आणि त्याची नव्या घटना लक्षात ठेवण्याची शक्ती जवळजवळ संपली. मानसशास्त्रज्ञ ब्रेंडा मिल्नर यांनी त्याला आरशात पाहून चांदणीची आकृती गिरवायला दिली. तीन दिवसांत त्याचा हात सुधारत गेला, आणि तरीही दर वेळी त्याला हे काम आपण पहिल्यांदाच करत आहोत असे वाटे. घटनांची आठवण आणि हाताच्या कृतीची आठवण मेंदूत वेगवेगळ्या वाटांनी साठते, हे त्यातून स्पष्ट झाले. उतारवयात पहिली वाट आधी खडबडीत होते, दुसरी तुलनेने टिकते. कालचे जेवण आठवत नसले तरी वाती वळणारी बोटे चुकत नाहीत.

म्हणून व्हिडिओ कॉल समजावून सांगण्याचा विषय नाही, तो हातात बसवण्याचा विषय आहे. "दे इकडे, मी करून देतो" या वाक्याने जेवढे नुकसान होते तेवढे दुसऱ्या कशानेही होत नाही, कारण त्यात कृती शिकवणाऱ्याच्या हाताने होते. फोन ज्येष्ठांच्याच हातात राहावा आणि शिकवणाऱ्याने आपले हात मागे घ्यावेत. दुसरी गोष्ट म्हणजे, "शोधा बघू, कुठे असेल?" असे विचारू नये. बॅडली आणि विल्सन या संशोधकांनी १९९४ मध्ये दाखवून दिले की स्मृती अधू झालेल्यांना आधी अंदाज करून चुकू दिले, तर त्यांच्या मनात बरोबर उत्तराऐवजी चूकच पक्की होत जाते. पहिल्यापासून योग्य कृतीच करवून घेतली तर शिकणे अधिक चांगले होते. कॉल लावण्याची वाट एकच असावी आणि छोटी असावी. अँड्रॉइडवर व्हॉट्सअ‍ॅपमधील एखाद्या व्यक्तीचे संभाषण तिच्या फोटोसह थेट मुख्य स्क्रीनवर आणून ठेवता येते. मग नातवाच्या चेहऱ्याला बोट लावायचे आणि वरच्या कॅमेऱ्याच्या चित्राला बोट लावायचे, एवढ्या दोन-तीनच कृती उरतात. बाकीची चिन्हे त्या पानावरून हलवावीत. सरावही एकाच बैठकीत वीस वेळा करून उपयोग नाही. लगेच एकदा, तासाभराने एकदा, दुसऱ्या दिवशी, मग चार दिवसांनी असा अंतर वाढवत केलेला सराव मुरतो. वहीत पायऱ्या लिहायच्या तर त्या ज्येष्ठांनी स्वतःच्या अक्षरात आणि स्वतःच्या शब्दांत लिहाव्यात. आणि अ‍ॅप अद्ययावत झाल्यावर बटणाची जागा बदलली तर हाताचे सारे वळण फुकट जाते, म्हणून त्या दिवशी कोणीतरी पुन्हा शेजारी बसले पाहिजे.

"या वयात काय शिकणार" असे म्हणणाऱ्यांनी ठाणे जिल्ह्यातील मुरबाड तालुक्यात, फांगणे गावी २०१६ मध्ये सुरू झालेली आजीबाईंची शाळा आठवावी. गुलाबी नऊवारीतल्या साठीपुढच्या बायका तेथे पाटी घेऊन अक्षरे गिरवायला बसल्या.

या खटाटोपाने एकटेपणा खरोखर कमी होतो का? येथे प्रामाणिक राहिले पाहिजे. २०२० मध्ये वैद्यकीय संशोधनाचे आढावे घेणाऱ्या कॉक्रेन या संस्थेच्या आढाव्यात निकषांत बसणारे तीनच प्रयोग सापडले, सगळे तैवानमधील वृद्ध-शुश्रूषागृहांतील आणि एकूण २०१ व्यक्तींचे. त्यांवरून व्हिडिओ कॉलने एकटेपणा घटतो असे ठामपणे म्हणता आले नाही. याउलट अमेरिकेत ७५ वर्षांवरील एकाकी १८६ जणांवर झालेल्या 'आय-कनेक्ट' या प्रयोगात, प्रशिक्षित व्यक्तींशी आठवड्यातून चार वेळा प्रत्येकी अर्धा तास व्हिडिओवर गप्पा मारणाऱ्यांचे गुण, फक्त आठवड्यातून एकदा छोटी फोनवरील विचारपूस होणाऱ्यांपेक्षा, सहा महिन्यांनंतर ३० गुणांच्या बौद्धिक चाचणीत सुमारे पावणेदोनने अधिक भरले. दोन्ही निष्कर्ष एकत्र वाचले तर मला असे वाटते की गुण स्क्रीनचा नाही. नियमित, सावकाश आणि विषय असलेल्या बोलण्याचा आहे. "जेवलीस का, औषध घेतलेस का" एवढ्यावर संपणारा कॉल विचारपूस असतो. मोदकाच्या उकडीला पाणी किती, हे आजीला विचारून ती सांगेल तसे समोर करून दाखवणारा कॉल संभाषण असतो.

शिकवताना एक सावधगिरी पहिल्याच दिवशी सांगावी. पोलिसांच्या गणवेशात व्हिडिओ कॉल करून 'डिजिटल अटक' झाल्याची बतावणी करणारे ठग ज्येष्ठांना लाखो रुपयांना लुबाडत आहेत. अशी अटक भारतीय कायद्यात नाही. अनोळखी क्रमांकाचा व्हिडिओ कॉल घ्यायचा नाही, कोणाच्याही सांगण्यावरून आपली स्क्रीन दुसऱ्याला दाखवायची नाही, आणि फसवणूक झाल्यास ताबडतोब १९३० या सायबर मदतक्रमांकावर कळवायचे, हे वहीच्या पहिल्या पानावर असावे.

परदेशी असलेल्यांनी आणखी एक लक्षात ठेवावे. अमेरिका आणि कॅनडाच्या बहुतेक भागांत मार्च आणि नोव्हेंबरमध्ये घड्याळे तासाभराने बदलतात, भारतातील बदलत नाहीत; त्या आठवड्यात आजी रोजच्या वेळेला कॉल लावते आणि तो कोणी उचलत नाही. नुकते शिकलेल्या माणसाला न उचललेला कॉल म्हणजे आपलेच काहीतरी चुकले, असे वाटते, आणि पुढच्या वेळी हात आखडतो. पहिल्या पंधरा दिवसांत तिने लावलेला प्रत्येक कॉल, ऑफिसच्या बैठकीतून उठून का होईना, उचलावा. तेवढेही जमले नाही तर त्याच दिवशी उलट कॉल करावा आणि तिला आधी हे सांगावे, की तुझा कॉल माझ्यापर्यंत बरोबर पोहोचला होता.