विमानाचे तास नुसत्या किलोमीटरवर नाही, वाऱ्यावरही ठरतात

"पृथ्वी पूर्वेकडे फिरते ना भो, मग विमान नुसतं वर जाऊन थांबलं तरी खालून लंडन आपोआप येईल की!" जळगाव-भुसावळकडे चहाच्या टपरीवर विमानाचा विषय निघाला की हे ऐकायला मिळतंच. आता तर याच प्रश्नावरून पृथ्वी सपाट आहे असं सांगणारे व्हिडिओ फिरताहेत, आणि शाळेतली पोरं ते खरं मानतात याची मला खरंच चिंता वाटते.

जळगावची जमीन ताशी सुमारे 1,560 किमी वेगाने पूर्वेकडे जाते, पण हवासुद्धा तिच्यासोबतच जाते. चालत्या गाडीच्या डब्यातली माशी उडाली म्हणून मागच्या डब्यात जाऊन आपटत नाही, तसंच विमानाचं.

पण मग मुंबईहून लंडनला जाताना वेळ जास्त का लागतो अन् येताना कमी का? अंतर तर तेच, सरळ धरलं तर साधारण 7,200 किमी. इथेच खरी मजा आहे. विषुववृत्तावर जमीन आणि हवा दोन्ही ताशी 1,670 किमीने फिरतात. तिथली तापलेली हवा वर चढते आणि 10-12 किमी उंचीवरून उत्तरेकडे निघते. ती जसजशी उत्तरेला सरकते तसतशी पृथ्वीच्या आसाजवळ येते, आणि कोनीय संवेग (फिरणाऱ्या वस्तूचं वस्तुमान, वेग आणि आसापासूनचं अंतर यांचा गुणाकार) कायम राहायचा म्हणजे अंतर घटलं की वेग वाढलाच पाहिजे. 30 अंश अक्षांशावर गणिताने तो 1,930 होतो, तिथली जमीन मात्र फक्त 1,450 ने फिरते, म्हणजे जमिनीच्या मानाने हवा ताशी 480 किमीने पूर्वेकडे सुटली! प्रत्यक्षात घर्षण आणि हवेची सरमिसळ यामुळे एवढा वेग उरत नाही, पण हिवाळ्यात 200 किंवा त्याहून जास्त सहज असतो. हाच वेगवान वाऱ्याचा पट्टा म्हणजे जेट स्ट्रीम. म्हणजे पृथ्वीच्या फिरण्याचा परिणाम विमानावर होतोच, फक्त वाऱ्याच्या मार्फत.

विमान हवेत ताशी 900 ने जातं, वारा पाठीवर 200 चा असला की जमिनीवरून 1,100 आणि तोंडावर असला की 700, इतका सरळ हिशोब आहे. 2016 मध्ये एअर इंडियाने दिल्ली-सॅन फ्रान्सिस्को विमान अटलांटिकऐवजी पॅसिफिकवरून न्यायला सुरुवात केली, अंतर 13,900 वरून 15,300 किमी झालं तरी वेळ दोनेक तास वाचला, कारण वारा पाठीवर मिळाला. पृथ्वीच्या गोलावर दोरा ताणून पाहा, याच दोन शहरांमधला सगळ्यात जवळचा रस्ता उत्तर ध्रुवाजवळून जातो, साधारण 12,400 किमी! तेव्हा नुसतं नकाशावरचं अंतर पाहून वेळेचा अंदाज बांधू नका, आणि राहुकाळ टाळून तिकीट काढल्याने तर पाच मिनिटंही वाचत नाहीत, वाऱ्याला पंचांग माहीत नसतं.

हिवाळ्यात हा वाऱ्याचा पट्टा उत्तर भारतावरून वाहतो आणि पश्चिमेकडचे पावसाळी झंझावात त्याच्यासोबतच येतात. त्यांच्यामागून उत्तरेची थंडी खाली उतरते, मग रावेर-यावलच्या केळीची वाढ अडते. जूनच्या सुमारास पट्टा हिमालयापलीकडे सरकतो आणि आपल्याकडे मान्सूनला वाट मोकळी होते.