दुर्मिळ गाणी व डेमोंचे संकलन (मेटल संगीत)

हेवी मेटल (मोठ्या आवाजाचा, गिटारप्रधान रॉक प्रकार) वाजवणाऱ्या बँडची जी ध्वनिमुद्रणे त्याच्या मुख्य अल्बमांत कधी आलीच नाहीत, किंवा आली ती वेगळ्या रूपात, ती एका ठिकाणी आणून काढलेला अल्बम. यात करारापूर्वीचे डेमो (कच्ची मुद्रणे), सिंगलच्या, म्हणजे एका गाण्यासाठी काढलेल्या तबकडीच्या, मागच्या बाजूची गाणी (बी-साइड), रेडिओ केंद्रावर केलेली मुद्रणे, दुसऱ्या बँडच्या गाण्यांची कव्हर (आपण वाजवून केलेली रूपे), एखाद्या चित्रपटासाठी दिलेले गाणे, तालमीच्या टेप आणि फक्त जपानी आवृत्तीत घातलेली जादा गाणी असा सगळा ऐवज येतो. ‘निवडक सर्वोत्तम’ छापाचा संग्रह नव्या श्रोत्याला बोलावण्यासाठी असतो. हा अल्बम मात्र बाकी सगळे ज्याच्या कपाटात आधीच आहे, त्याच्यासाठी निघतो. म्हणून तो खपतो कमी आणि त्यावर वाद होतात जास्त.

यातला गाभा डेमोचा. कंपनीकडून करार मिळावा, कुठल्या क्लबात कार्यक्रम मिळावा, यासाठी पदरमोड करून केलेले कच्चे मुद्रण म्हणजे डेमो. १९७९ मध्ये टास्कॅम कंपनीचे पोर्टास्टुडिओ १४४ हे यंत्र आले आणि साध्या कॅसेटवर चार वेगवेगळे ट्रॅक (आवाजाचे स्वतंत्र थर) घेता येऊ लागले. त्याआधी एवढ्यासाठी स्टुडिओ भाड्याने घ्यावा लागे. मेटलमध्ये डेमोला जे महत्त्व आले ते मात्र यंत्रामुळे कमी आणि टपालामुळे जास्त. रेडिओ आणि मोठी मासिके या संगीताला विचारत नव्हती, तेव्हा श्रोत्यांनीच एकमेकांना पत्रे लिहून टेपची देवघेव सुरू केली. एका कॅसेटवरून दुसरी, तिच्यावरून तिसरी, अशा प्रती देशोदेशी गेल्या. अल्बम निघण्याआधीच बँडचे नाव झालेले असे.

आयर्न मेडनने १९७८ च्या डिसेंबरात, वर्ष संपता संपता, केंब्रिजच्या स्पेसवर्ड स्टुडिओत गाणी मुद्रित केली. त्यांतली तीन ‘द साउंडहाउस टेप्स’ या नावाने नोव्हेंबर १९७९ मध्ये निघाली, प्रती ५,०००. मूळ टेप विकत घ्यायला त्या वेळी पैसे नव्हते आणि पुढे ती पुसली गेली, असे बँडच्या इतिहासात सांगितले जाते. याच बँडच्या बी-साइडचा स्वतंत्र संग्रह निघायला २००२ साल उजाडले.

कच्चे आणि पक्के रूप शेजारी ठेवले तर काय हाती लागते, याचे सर्वांत चांगले उदाहरण मेटॅलिकाचे आहे. जुलै १९८२ मध्ये केलेल्या ‘नो लाइफ टिल लेदर’ या सात गाण्यांच्या डेमोत गिटारवर डेव्ह मस्टेन होता आणि ‘द मेकॅनिक्स’ हे त्याचे गाणे होते. १९८३ च्या एप्रिलमध्ये त्याला काढले आणि कर्क हॅमेट आला. जुलैत ‘किल एम ऑल’ हा पहिला अल्बम निघाला तेव्हा तेच गाणे नवे शब्द आणि मध्ये एक संथ भाग घेऊन ‘द फोर हॉर्समेन’ झाले होते. मस्टेनने मेगाडेथ काढून १९८५ मध्ये आपल्या मूळ गाण्याला आणखी वेग देऊन ते पुन्हा बाजारात आणले. एका गाण्याची तीन रूपे, आणि मस्टेन व मेटॅलिका यांचे भांडण कशावरून होते ते तिन्ही ऐकल्यावरच कळते. हा डेमो २०१५ मध्ये मूळ रूपात, कॅसेटवरच, अधिकृतपणे निघाला. पुढची मोठी आवृत्ती गाण्यांच्या श्रेयावरून अडली, असे मस्टेनने जाहीरपणे सांगितले आहे.

धुळ्याच्या वाचकाला ही रीत परकी वाटायचे कारण नाही. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे १९२६ च्या अखेरीस धुळ्यात वारले आणि पुढच्याच वर्षी त्यांच्या नावाचे संशोधन मंडळ तिथे उभे राहिले. त्याच शहरातल्या समर्थ वाग्देवता मंदिरात रामदासी मठांतून जमवलेली बाडे आहेत. जुना कागद छापायचा तर तो कुठल्या दप्तरातला, कोणाच्या हातचा, तारीख कोणती, हे आधी सांगायचे. दोन पोथ्यांत ओळ वेगळी असेल तर पाठभेद तळाशी द्यायचा. फाटलेली जागा मनाने भरायची नाही. डेमोंच्या संकलनाला नेमके हेच नियम लागू पडतात, आणि बहुतेक कंपन्या ते पाळत नाहीत. गाणे कोणत्या टेपवरून घेतले, त्या दिवशी ड्रमवर कोण बसले होते, टेप मूळची की तिसऱ्या हातची, एवढे पुस्तिकेत नसेल तर तो अल्बम म्हणजे निव्वळ उरलेसुरले विकणे.

फाटलेली जागा भरण्याचा नमुना नॉर्वेच्या डार्कथ्रोनकडे सापडतो. त्यांनी पहिल्या अल्बमनंतर ‘गोटलॉर्ड’ची गाणी तालमीत फक्त वाद्यांवर मुद्रित करून ठेवली आणि मग शैलीच बदलून ती सोडून दिली. काही वर्षांनी त्यांवर आवाज चढवून १९९६ मध्ये तो अल्बम म्हणून निघाला. २००८ च्या ‘फ्रॉस्टलँड टेप्स’ या तीन सीडींच्या संचात १९८८-८९ चे डेमो आले आणि आवाज न चढवलेले ते मूळ मुद्रणही आले. अभ्यासकाला उपयोगी तो हा संच. ऐकायला मात्र तो जड आहे, हेही सांगायला हवे. तीन सीडी सलग ऐकणारा माणूस विरळाच.

मेटॅलिकाच्या ‘गॅरेज इन्क.’ने (१९९८) निराळी वाट धरली. एका सीडीवर नव्याने केलेली कव्हर आणि दुसरीवर १९८७ च्या दुर्मिळ झालेल्या ईपीसकट (मोजक्या गाण्यांच्या छोट्या तबकडीसकट) जुनी विखुरलेली कव्हर. मेगाडेथच्या ‘हिडन ट्रेझर्स’मध्ये (१९९५) चित्रपटांसाठी व दुसऱ्या बँडच्या सन्मानार्थ निघालेल्या गौरव-अल्बमांसाठी दिलेली गाणी आहेत, तिथे डेमोंचा प्रश्नच येत नाही. ब्रिटनच्या कारकासने बँड मोडल्यावर, १९९६ मध्ये, असा संग्रह काढला. बँड मोडल्यावर निघणाऱ्या संकलनांकडे जरा संशयाने पाहावे. गाणी निवडायला बँड एकत्र बसला होता की करार पुरा करायचा होता, हे तपासलेले बरे.

जुन्या टेपवरून असा अल्बम तयार करणे नाजूक काम असते. १९७०-८० च्या दशकांतल्या काही मोठ्या रिळांवरचा चिकटद्रव्याचा थर हवेतला ओलावा शोषून चिकट होतो आणि वाजवताना सुटून यंत्राला लागतो. उपाय म्हणून ती रिळे सुमारे ५४ अंश सेल्सिअसला काही तास तापवतात. त्यानंतर काही आठवडे ती वाजू शकतात आणि तेवढ्यात डिजिटल प्रत करून घ्यावी लागते. जळगावात मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो, पण हे काम गच्चीवर उरकता येत नाही. तापमान स्थिर लागते. कॅसेटचे दुखणे वेगळे. उन्हात तिचे कवच वाकडे होते, आतली स्पंजची पट्टी गळते. शिवाय घरगुती यंत्रांची गती सारखी नसते. टेप सहा टक्के जोरात फिरली की अख्खे गाणे अर्ध्या सुराने वर चढते, आणि मग गिटार मुळात कुठे लावली होती यावर चाहते वर्षानुवर्षे भांडतात.

खानदेशात ‘बँड’ म्हटले की आधी लग्नाचाच बँड आठवतो. मेटल इथे आले ते १९९१ नंतर स्टार टीव्हीबरोबर दिसू लागलेल्या एमटीव्हीवरून, आणि पुण्या-मुंबईला शिकायला गेलेल्या मुलांच्या बॅगांतून. सुटीत घरी आलेल्या मुलाकडची कॅसेट भुसावळला किंवा धुळ्याला मित्राच्या टेपवर उतरवून घ्यायची, मध्येच लाईट गेली तर गाणे तिथेच तुटायचे. अशा प्रतीच्या खरखरीत महागड्या स्टुडिओतला अल्बम आणि गॅरेजमधला डेमो यांतला फरक जवळपास पुसला जाई. दोन्ही सारखेच लांबून आल्यासारखे वाटत. पुढे सायबर कॅफेतून एमपीथ्री मिळू लागले आणि साफ केलेली संकलने कानावर पडली, तेव्हा कुठे आपण इतकी वर्षे डेमो ऐकत होतो की अल्बम, याचा उलगडा होऊ लागला. इथल्या श्रोत्याला या प्रकाराचा खरा उपयोग झाला तो हा. बसस्टँडवर आणि यात्रांत विकल्या गेलेल्या अहिराणी गाण्यांच्या कॅसेटींचे असे नोंदीसकट संकलन कोणी केले, तर पुस्तिकेत काय लिहावे याचा नमुनाही त्यातून घेता येईल.

मालकीचा प्रश्न बहुधा शेवटपर्यंत सुटत नाही. अल्बमचे मुद्रण कंपनीच्या मालकीचे असते, पण स्वखर्चाने केलेला डेमो बँडचा असतो, आणि तेव्हाच्या बँडमधले दोघेतिघे आज बँडमध्ये नसतात. भारतात १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार ध्वनिमुद्रणाचा हक्क प्रकाशनानंतर ६० वर्षे टिकतो. ही मुदत प्रकाशनाच्या पुढच्या वर्षारंभापासून मोजतात.

गाणी मोबाइलवर आली तशी पुस्तिका गळली. ॲपमध्ये अल्बमच्या नावाखाली संकलन निघाल्याचे वर्ष दिसते, त्यामुळे १९८८ च्या तालमीखाली २००८ असा आकडा येतो. रिमास्टर केलेले (ध्वनी नव्याने साफ केलेले) आणि मूळ रूप एकाच नावाने शेजारी पडलेले असते. ज्याला कालक्रम हवा त्याला अजून सीडीच शोधावी लागते.